पुन्हा पुन्हा : तारप्याचा श्वास आणि चौकाची रेघ

(१)
एखादी गोष्ट हजार वेळा केली की माणूस तीत निष्णात होतो, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण हजार वेळा सही करूनही आपले अक्षर सुधारत नाही, हेही आपण रोज पाहतो. मग आवृत्तीतून कौशल्य नेमके केव्हा जन्मते? या प्रश्नाचा माग काढत आज पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ टोकाला जाऊ. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

(२)
कसाऱ्याहून विहीगावमार्गे वर आलेला रस्ता खोडाळ्याला पोहोचतो. मोखाडा तालुक्यातले हे बाजाराचे गाव. आजूबाजूच्या पाड्यांतली माणसे मिठामिरचीसाठी इथे येतात आणि इथूनच मोखाड्याकडे, जव्हारकडे वाटा फुटतात. भोवताली भात, नागली आणि वरईची शेती. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा वस्त्या. जव्हारचे संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत या मुलखावर मुकणे घराण्याची सत्ता होती. मात्र आज आपल्याला राजवाड्यात जायचे नाही. आपल्याला जायचे आहे ते अंगणात.

(३)
पावसाळा सरतो, भात कापणीला येते आणि या भागात तारपा वाजू लागतो. ज्यांनी तो प्रत्यक्ष ऐकला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वादक मध्यभागी उभा असतो. त्याच्याभोवती स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेला हातांचा विळखा घालून रिंगण धरतात. आघाडीचा नाचणारा हातातली घुंगरांची काठी जमिनीवर आपटत पाऊल दाखवतो. रिंगण कधी आवळते, कधी उलगडते. हे तासन्‌तास चालते, आणि त्या सगळ्या वेळात तारप्याचा स्वर तुटत नाही. वादक श्वास घेतो तरी केव्हा?

(४)
आधी वाद्य समजून घेऊ. वाळवून पोखरलेला दुधी भोपळा हा त्याचा हवेचा कोठा. त्याला बांबूच्या दोन नळ्या जोडलेल्या असतात, नळ्यांना बोटांची भोके आणि आत आवाज उत्पन्न करणारी पातळ पट्टी. टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला लांबलचक कर्णा. सांधे मेणाने बंद केलेले. यातली एकही वस्तू कारखान्यातून येत नाही. भोपळा वेलीवर कसा वाढला, यावरही आवाजाचा पोत ठरतो.

(५)
आता श्वासाकडे येऊ. युरोपातल्या मशकवाद्यांत हवेची कातडी पिशवी असते. वादकाने श्वास घेतला तरी काखेतली पिशवी दाबून स्वर चालू ठेवता येतो. भोपळा मात्र कडक असतो, तो दाबता येत नाही. म्हणून तारपा वाजवणाऱ्याची पिशवी त्याच्या गालांतच असते. गालांत साठवलेली हवा तो गालांच्या स्नायूंनी वाद्यात ढकलतो आणि नेमक्या त्याच क्षणी नाकाने नवा श्वास आत घेतो. पुंगीवाला हेच करतो. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचे डिजरीडू आणि सार्डिनिया बेटावरचे लाउनेडास ही वाद्येही याच युक्तीने वाजतात. जगाच्या इतक्या दूरदूरच्या कोपऱ्यांत माणसांनी आपल्या शरीराला एकच अवघड गोष्ट शिकवली, याचे मला नेहमी नवल वाटते.

(६)
अवघड अशासाठी की तोंडाने सोडणे आणि नाकाने घेणे ही दोन विरुद्ध कामे शरीर आपणहून एकत्र करत नाही. शब्दांत सांगून ती येत नाहीत. पाण्याच्या पेल्यात नळी बुडवून बुडबुडे काढा आणि बुडबुडे न थांबवता नाकाने श्वास घेऊन पाहा. पहिल्या पन्नास वेळा बुडबुडे थांबतील. एकावन्नाव्या वेळी एखादा क्षण जमेल आणि पुन्हा हुकेल. या प्रयोगाची खुबी अशी की चूक लपत नाही. बुडबुडा थांबला म्हणजे थांबला. प्रयत्न करणाऱ्याला त्याच क्षणी कळते की आपण कुठे चुकलो.

(७)
तारप्याच्या बाबतीत बुडबुड्यांची जागा नाचणाऱ्यांची पावले घेतात. स्वर क्षणभर तुटला तर रिंगण अडखळते. चाल बदलली की पाऊल बदलावे लागते. वादकाने चाल धूसर वाजवली तर आघाडीच्या काठीवाल्याला पाऊल सापडत नाही. म्हणजे वादकासमोर बसलेले श्रोते नसतातच. त्याच्याभोवती फिरणारी वीस-पंचवीस शरीरे असतात आणि त्यांतले प्रत्येक शरीर त्याच्या वादनाची दर क्षणाला परीक्षा घेत असते. अशा एका रात्रीत झालेली आवृत्ती आणि एकट्याने बसून केलेली आवृत्ती यांना एकाच मापाने कसे मोजणार?

(८)
जव्हार तालुक्यातल्या वाळवंडा येथील भिकल्या लाडक्या धिंडा यांचे नाव इथे घ्यायलाच हवे. तारपा त्यांच्याकडे घराण्यातून आला. ते वाजवतातही आणि वाद्य स्वतः घडवतातही. त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२६ साली जाहीर झालेल्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री घोषित झाली, तेव्हा त्यांचे वय नव्वदीच्या घरात होते. त्यांच्या वयाची बातमी सगळ्यांनी केली. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते वाजवणे आणि घडवणे यांचे एका हातात असणे. जो स्वतः मेण लावतो त्याला हवा कुठून निसटते ते ऐकू येते, आणि वाजवताना सापडलेला दोष तो पुढचा भोपळा निवडताना दुरुस्त करतो.

(९)
थोडे आडवळण. याच मोखाडा-जव्हार पट्ट्यात बोहाडा होतो. देवदानवांचे मुखवटे चढवून, संबळाच्या तालावर, रात्र रात्र चालणारा सोंगांचा उत्सव. सोंगे बहुधा घराण्यांकडे वाटलेली असतात. आता हिशेब करा. वर्षातून एकदा येणारे सोंग माणूस आयुष्यात फार तर चाळीस-पन्नास वेळा नाचेल. आवृत्तीची संख्या एवढी तोकडी, तरी सोंग घसरत नाही. कारण समोर बसलेल्या गावाने तेच सोंग आजोबांच्या अंगावर पाहिलेले असते, बापाच्याही. नातवाचे पाऊल चुकले तर ते पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याला आधी कळते. इथे संख्या थोडी असते, पारख मात्र कडक असते.

(१०)
आधुनिक मानसशास्त्रात या प्रश्नावर गाजलेला अभ्यास १९९३ सालचा. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनवादकांच्या सरावाची मोजणी केली. वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटाचा एकट्याने केलेला सराव सरासरी दहा हजार तासांच्या पुढे गेलेला आढळला. पुढे २००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेल यांच्या ‘आउटलायर्स’ या पुस्तकाने त्या आकड्याचा नियम करून टाकला आणि ‘दहा हजार तास’ हा जणू मंत्र झाला. एरिक्सन यांचे म्हणणे मात्र वेगळे होते. त्यांचा भर तासांवर नव्हता. जाणत्याने नेमून दिलेला, नेमक्या उणिवेवर रोखलेला आणि चूक लगेच दाखवणारा सराव हा त्यांच्या विचाराचा गाभा. २०१४ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले तेव्हा संगीतातील कौशल्याच्या फरकांपैकी सुमारे २१ टक्के फरकच अशा सरावाने स्पष्ट होतो, असे दिसले. तेव्हा आकड्यांच्या मागे फार लागू नये. ‘चूक लगेच दाखवणारा’ हे तीन शब्द तेवढे हाताशी ठेवून आपण अंगणातून घराच्या आत जाऊ.

(११)
वारल्यांचे जुने घर कुडाचे. कारवीच्या काड्यांची भिंत, तिच्यावर माती आणि शेणाचा लेप, वर गेरूचा हात. घरात लग्न ठरले की या भिंतीवर चौक लिहिला जातो. वारली बोलीत चौक ‘काढत’ नाहीत, ‘लिहितात’, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. चौकटीच्या आत पालघट देवी. सोबत सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडे, बाशिंग. शेजारच्या देवचौकात पाच शिरांचा देव. लिहिणाऱ्या असतात सवाशिणी आणि लग्नाचे विधी गाऊन पार पाडणारी असते धवलेरी. तीही स्त्रीच. चौकावाचून लग्न लागत नाही.

(१२)
रंग एकच, तांदळाच्या पिठाचा पांढरा. लेखणी म्हणजे टोकाशी चावून मऊ केलेली बांबूची काडी. आता एक बारकावा पाहा, चित्रकला शिकणाऱ्यांनी तर मुद्दाम पाहावा. तांदळाचे पातळ पीठ ओले असताना भिंतीवर फिकट दिसते आणि वाळल्यावर पांढरे उमटते. म्हणजे रेघ ओढताना ती पुरती दिसतच नाही. खोडायची सोय नाही, कारण पुसायला जावे तर खालचा गेरू उठतो. आधी कच्चे रेखाटन नाही, पट्टी नाही. हाताला आकार आधीच ठाऊक असला तरच चौकट सरळ येते. थोड्या वेळाने भिंत वाळते आणि सगळ्या घरासमोर निकाल लागतो.

(१३)
नवशिकी पोर हे कुठे शिकते? भिंतीपाशीच. अनेक हात एकाच वेळी काम करत असतात. शेजारच्या जाणत्या बाईची रेघ पाहत ती स्वतःची रेघ ओढते. कडेची त्रिकोणांची साखळी शेकडो वेळा तीच ती. तिथे हात बसतो. मग माणूस: टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर वाटोळे डोके. वरच्या त्रिकोणाचा कल किंचित बदलला की तोच माणूस वाकतो, धावतो, नाचतो. ही किमया आकाराच्या अचूकपणात नाही, कलाच्या अचूकपणात आहे, आणि कल काही मोजून शिकवता येत नाही.

(१४)
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी एक इशारा. ‘वारली चित्रकला अमुक हजार वर्षे जुनी’ अशी विधाने समाजमाध्यमांवर सर्रास फिरतात. गुहाचित्रांशी तिचे साम्य दाखवले जाते. साम्य दिसते हे खरे, पण साम्य हा पुरावा नव्हे. कुडाच्या भिंतीवरचे पीठ काही पावसाळ्यांत गळून जाते, भिंत पुन्हा सारवली जाते. शंभर वर्षांपूर्वीचा चौक आज कुठल्याही भिंतीवर सापडणार नाही.

(१५)
मला मात्र यात उणेपणा वाटत नाही. एरवी आपण कलेचा इतिहास शोधतो तो टिकलेल्या वस्तूंत, म्हणजे शिल्पांत, ताम्रपटांत, पोथ्यांत. चौक ही न टिकणारी वस्तू आहे. ती आज आपल्यापर्यंत आली ती केवळ दर लग्नात कोणीतरी पुन्हा लिहिली म्हणून. एका पिढीने आळस केला असता तर मागे काहीच उरले नसते. या कलेचे दफ्तर म्हणजे हात, आणि तो हात दर मोसमात चालता राहिला हाच तिचा पुरावा.

(१६)
आणि तो कोणत्या परिस्थितीत चालता राहिला? गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे. डहाणू-उंबरगाव भागात लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या कर्जापायी वारली पुरुष वर्षानुवर्षे वेठीला बांधला जाई. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी येथे किसान सभेच्या झेंड्याखाली या गुलामीविरुद्धचा लढा उभा राहिला. ज्या लग्नासाठी भिंतीवर चौक लिहिला जाई, त्याच लग्नाने माणूस कर्जात बुडे. बर्लिनच्या विद्यार्थ्याकडे सरावाचे तास त्याच्या मालकीचे होते. इथे दिवस सावकाराचा. सराव करायचा तो विधीच्या आत, उत्सवाच्या आत, रात्री. तो वेळ तेवढा कोणी हिरावून घेतला नव्हता.

(१७)
१९७० च्या दशकाच्या आरंभी या भिंतींसमोर एक बाहेरचा माणूस येऊन उभा राहिला. भास्कर कुलकर्णी. विणकर सेवा केंद्रातला हा चित्रकार त्याआधी १९६६-६७ च्या दुष्काळात बिहारमधल्या मिथिलेत गेला होता. तिथल्या स्त्रियांची भिंतीवरची चित्रे कागदावर उतरावीत, विकली जावीत, चार पैसे मिळावेत, ही त्यामागची पुपुल जयकर यांची योजना. तोच प्रयोग कुलकर्णी यांनी डहाणू भागात केला आणि वारली स्त्रियांच्या हाती कागद दिला. त्या स्त्रियांबरोबरच एक पुरुष पुढे आला, गंजाडचा जिव्या सोमा मशे.

(१८)
जिव्या मशे यांचा जन्म १९३४ चा. लहानपणी आई गेली आणि हा मुलगा बोलेनासा झाला. मातीत बोटाने आकृत्या काढून तो आपले म्हणणे सांगे, अशी हकीकत त्यांच्याविषयी नेहमी सांगितली जाते. त्या हकीकतीतला मुद्दा आपल्या विषयाशी थेट भिडतो. ज्या मुलाला तहान लागल्याचे चित्रातून सांगायचे आहे, त्याची आकृती समोरच्याला कळलीच पाहिजे. कळली नाही तर पुन्हा काढायची, वेगळी काढायची. याहून निष्ठुर परीक्षक कुठल्या शाळेत भेटेल?

(१९)
लग्नाचा चौक ठरलेल्या आशयाचा असतो. कागदावर ते बंधन उरले नाही. तीच काडी, तेच दोन त्रिकोण घेऊन मशे यांनी शेत, मुंग्या, झाड, वाटा, जत्रा, मासेमारी असे सगळे आणायला सुरुवात केली, आणि मग ते रोज काढत राहिले. त्यांची मासेमारीच्या जाळ्याची चित्रे पाहावीत. सबंध पट केसासारख्या बारीक रेघांच्या वेटोळ्यांनी भरलेला असतो. हजारो रेघा, पण कुठेही यंत्राचा कंटाळवाणा सारखेपणा नाही. जाळे पाण्यात फुगते तिथे रेघ सैल, ओढले जाते तिथे ताठ. एकच रेघ हजार वेळा ओढताना प्रत्येक वेळी जाळ्याकडे लक्ष असल्याशिवाय हे होत नाही.

(२०)
पुढचा प्रवास थोडक्यात. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड दालनात प्रदर्शन, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिसियां द ला तेर’ या गाजलेल्या प्रदर्शनात सहभाग, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र सदाशिव आणि बाळू हेही नामवंत चित्रकार.

(२१)
मशे यांचे मोठेपण मान्य करूनही एक खंत राहते. ही चित्रभाषा त्यांच्या हाती आली ती घडलेली. ती घडवणाऱ्या सवाशिणींची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांनी चौकाखाली सही केली नाही, आणि कुणी विचारलेही नाही. ‘वारली चित्रकलेचे जनक’ असा शब्दप्रयोग कोणी केला की मला त्या चावलेल्या काड्या आठवतात. जनक हा शब्द इथे चुकीचा आहे. मशे हे त्या परंपरेतले पहिले जगप्रसिद्ध नाव आहेत.

(२२)
आज वारली आकृत्या सर्वत्र आहेत. पडद्यांवर, कपांवर, शाळांच्या कुंपणभिंतींवर, मोबाईलच्या आवरणांवर. आवृत्तीच म्हणायची झाली तर इतकी आवृत्ती इतिहासात कधी झाली नसेल. आणि तरी मी पाहिलेल्या काही छापील चित्रांत तारपा सनईसारखा सरळसोट असतो, भोपळाच नसतो. नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखे पडतात. त्रिकोण जुळलेला असतो, पाऊल जुळलेले नसते. काढणाऱ्याने रिंगण पाहिलेले नाही आणि विकत घेणाऱ्यानेही नाही. मग चूक दाखवणार कोण? पाड्यावरची म्हातारी ती एका नजरेत ओळखेल, पण ते कप तिच्यापर्यंत जात नाहीत.

(२३)
यावर एक आक्षेप येईल, तो रास्तही आहे. दिवसाला पन्नास भेटकार्डे रंगवणाऱ्या आदिवासी तरुणाला ‘तुझा हात यांत्रिक झाला’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्या कार्डांवर त्याचे घर चालते, आणि पोटासाठी काम करणाऱ्याचा हात बिघडतोच असेही नाही. कित्येक चित्रकार कार्डेही करतात आणि रात्री आपल्यासाठी मोठा पटही मांडून बसतात. माझे म्हणणे ग्राहकाविषयी आहे. ज्याला चांगले आणि वाईट यांतला फरक दिसत नाही, तो दोन्हींना एकच किंमत देतो. तशाने चांगल्या रेघेसाठी झटण्याचे कारणच संपते.

(२४)
आता पुन्हा खोडाळ्याकडे. इथला पेच वेगळा आणि अधिक बिकट आहे. मोखाडा-जव्हारची जमीन उताराची, पीक एकच, पावसावरचे. कापणी आटोपली, दिवाळी झाली की पाड्यांवरची माणसे कुटुंबकबिल्यासह बाहेर पडतात. वसई, भिवंडी, ठाण्याच्या बाजूला, वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर. मुलेही बरोबर जातात. परततात ती होळीला, नाहीतर पावसाच्या तोंडावर.

(२५)
म्हणजे तारप्याचा मोसम आणि स्थलांतराचा मोसम एकच झाला आहे. वाजवणारा एखादा म्हातारा पाड्यावर असतो, दुधी वेलीवर वाळतो, मेण मिळते. रिंगण धरायला लागणारी वीस-पंचवीस माणसे मात्र त्या रात्री भट्टीवर विटा थापत असतात. एकट्याने तारपा वाजवता येतो, नाही असे नाही. पण मग श्वास तुटला तरी अडखळणारे पाऊल समोर नसते. आणि शिकणारा पोरगा, तोही भट्टीवरच.

(२६)
धागा इथे थांबवतो. आपल्यापैकी कोणी जव्हार-मोखाडा भागातले असाल तर लिहा: आपल्या पाड्यावर यंदा दसऱ्यापासून होळीपर्यंत किती रात्री तारपा वाजला, आणि रिंगणात किती जण होते?